पाठीवरचं भावंड

रत्नाबाई पालघरला स्टेशनाजवळ शिवणकाम करायची. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घर म्हणजे एक खोली, मागे पडवी आणि पुढच्या ओट्यावर मशीन. दिवसभर बायका कपडे टाकायला येत, गप्पा मारत आणि दिवेलागणीला आपापल्या घरी जात. मग रत्नाबाई एकटी जेवायला बसे. सवय झालीय, असं ती लोकांना सांगायची.

सहासष्ट सालच्या श्रावणात तिचा धाकटा भाऊ कमलाकांत तारापूरहून आला. बरोबर त्याची नऊ वर्षांची मुलगी हंसा होती. कमलाकांतने त्या वर्षी होडी सोडून अणुवीज केंद्राच्या बांधकामावर मजुरी धरली होती. त्याच्या बायकोला, हिराला, पुन्हा दिवस गेले होते. हंसानंतर तिची दोन मुलं पोटातच गेली होती, एक पाचव्या महिन्यात आणि एक सातव्या. दवाखान्यातल्या बाईंनी या खेपेला पडून राहायला बजावलं होतं. तेव्हा बाळंतपण होईपर्यंत हंसाने आत्याकडे राहावं, इथल्याच शाळेत जावं, असं त्याने ठरवलं होतं.

हंसा पडवीत पाणी प्यायला गेली तेव्हा कमलाकांतने हळू आवाजात खरं कारण सांगितलं. शेजारी राहणारी त्यांची काकी म्हणत होती की या पोरीच्या पाठीवर पोर टिकत नाही, हिला घरात ठेवू नका. हिराला यातलं काही ठाऊक नव्हतं.

रत्नाबाईला राग आला, पण ती बोलली नाही. पोर आपल्याकडे राहणार, सकाळी तिची वेणी घालायची, तव्यावर दोन भाकरी जास्त टाकायच्या, हे तिच्या मनात तेवढ्यात सुरूही झालं होतं. ती एवढंच म्हणाली, "ठेव इथं. माज्याकडं बरी राहील."

पहिले काही दिवस हंसा रोज विचारायची, बाबा कधी येणार. पंधरा दिवसांनी तिने विचारणं सोडलं. पोर रुळली, असं रत्नाबाईला वाटलं. शाळेतले नागोराव गुरुजी रस्त्यात भेटले, त्यांनीही कौतुक केलं. इतकी शांत मुलगी वर्गात दुसरी नाही म्हणाले. घरी आल्यावर हंसा मशीनखालचे दोरे वेचायची, कापडाच्या घड्या घालायची, सांगेल तिथे बसायची. जेवायला काय करू विचारलं तर "काय पण" म्हणायची. आलेल्या बायकांसमोर रत्नाबाई तिला वाखाणायची. घरात मूल आहे हे कळतसुद्धा नाही, असं अभिमानाने सांगायची.

बाकीचंही तिला दिसत होतं, पण ती त्याला काहीतरी कारण जोडून मोकळी व्हायची. शाळेला निघताना हंसाच्या पोटात दुखे. त्यावर ओव्याचं पाणी दिलं. तळलेले बोंबील पोरीच्या जिवाचे, पण आता दोन घासांत ती हात धुवायची. हवापाण्याचा फरक असेल. शाळेतून आली की दिवे लागेपर्यंत झोपायची आणि पहाटे रत्नाबाई उठे तेव्हा उघड्या डोळ्यांनी आढ्याकडे बघत पडलेली असायची. शेजारच्या मुली सागरगोटे खेळायला बोलवायला यायच्या. हंसा जायची, पायरीवर बसून बघायची आणि परत यायची. मग त्या मुली यायच्या थांबल्या. एकदा तिच्या हातून कपबशी फुटली. कोणी काही बोललं नव्हतं, तरी ती भिंतीला पाठ लावून कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

दिवाळीच्या आधी कमलाकांतचा निरोप आला. हिराला सहावा महिना लागला होता आणि तिच्या चोळ्या अंगात शिरत नव्हत्या. रत्नाबाईने गठ्ठ्यातून मऊ, धुवून नरमलेलं सुती कापड काढलं आणि ओट्यावर पसरलं. हंसाला तिने मोजपट्टीचं टोक धरायला सांगितलं आणि काम करता करता समजावत गेली. छातीला आणि काखेत ढिलं ठेवायचं, कारण अजून तीन महिने अंग भरत जाणार. बाजूला शिवण घट्ट करायची नाही, नाड्या लावायच्या, म्हणजे लागेल तसं सैल करता येतं. परकराची गाठ पोटावर येऊ द्यायची नाही, खाली घ्यायची. हातशिलाईच्या गाठी बाहेरच्या अंगाला ठेवायच्या, त्या आत राहिल्या की घामाने रुततात.

हंसा ऐकत होती. तिने विचारलं, "घट्ट घातलं तं बाळाला लागतं?"

इतक्या दिवसांत तिने आपणहून काही विचारलं, म्हणून रत्नाबाईला बरं वाटलं. बाळाला लागत नाही, आईला श्वास घ्यायला जड जातं, असं तिने सांगितलं.

"मग बाळ कशानं मरतं?"

 असलं बोलू नये, म्हणून रत्नाबाईने विषय मोडला. उरलेल्या पिवळ्या कापडात हंसाचा दिवाळीचा झगा निघत होता. तिने पोरीला उभं करून माप घेतलं आणि लिहायला वही उघडली. श्रावणात शाळेचे कपडे शिवले तेव्हाचं माप त्यात होतं. छाती चोवीस. आता पट्टी साडेबावीस दाखवत होती.

तिने पुन्हा मोजलं, तेवढंच भरलं. वीस वर्षं ती मुलांचे कपडे शिवत होती. एखाद्या मुलाचं माप वर्षभर वाढत नाही, हे तिने पाहिलं होतं. पण तापाबिपाशिवाय, दोन वेळचं जेवण असलेल्या घरात, मूल आटलेलं तिने पाहिलं नव्हतं.

ती खाली बसली आणि हंसाचे दोन्ही हात धरून तिच्याकडे नीट बघितलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. नखांच्या कडा कुरतडलेल्या होत्या. गेले तीन महिने हे मूल आपल्यासमोर बसलं होतं आणि आपण त्याच्या शांतपणाचं कौतुक करत होतो, हे तिच्या ध्यानात आलं. घराची आठवण येत असेल, असं तिला वाटलं. उद्या सकाळी तुला तारापूरला नेते, असं ती म्हणाली. पोरीचा चेहरा खुलेल, असं तिला वाटलं होतं.

हंसाने हात सोडवून घेतले. "नको आत्या. मी गेले तं बाळ मरंल."

"कोण म्हणालं असं?"

"काकीआजी बाबांना सांगत व्हती. मी ऐकलं. आदीची दोन पण माज्यामुळंच गेली."

ती रडली नाही. एखादी ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तसं तिने सांगितलं.  रत्नाबाई म्हणाली, "ते खोटं हाय, हंसा. मला ते तवाच बोलायला पायजे व्हतं. मी बोलले नाय, कारण तू मला इथं हवी व्हतीस."

हंसाचा विश्वास बसला नाही. पण ती आत्याकडे पहिल्यांदाच बराच वेळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी रत्नाबाईने रात्रीत शिवलेली दोन पोलकी पिशवीत घातली, मशीनवर कापड टाकलं आणि पोरीला घेऊन पॅसेंजर पकडली. उमरोळी गेलं, बोईसर आलं, तिथून एसटी. हंसा खिडकीशी बसून नखं कुरतडत राहिली. तारापूरला उतरल्यावर ती चालायलाच तयार होईना. घरात जायचं नाही, लांबूनच बघायचं, असं कबूल केल्यावर ती निघाली आणि अंगणाच्या कडेला, बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांपाशी उभी राहिली.

रत्नाबाई एकटी आत गेली. हिरा चटईवर पडलेली होती. चोळीची गाठ तिने सोडून ठेवली होती, तरी बाह्या दंडात रुतल्या होत्या. रत्नाबाईने तिला सगळं सांगितलं, आपण गप्प बसलो तेही सांगितलं.  हिरा भिंतीला धरून उठली, बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली. मुलीला बघून तिचा चेहरा बदलला, पण तिने हाका मारल्या नाहीत. नवं पोलकं मांडीवर ठेवून ती म्हणाली, "हंसा, ह्या नाड्या बांधून दे. माजा हात तितवर पोचत नाय."

हंसा हलली नाही. शेजारच्या दारातून काकीने पाहिलं आणि पोरीला परत कशाला आणली म्हणून विचारलं. हिराने त्या घरात आल्यापासून काकीला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं.

"काकी, बाळ माज्या पोटात हाय," ती म्हणाली. "तिच्या पाठीवर नाय."

काकी आत निघून गेली. हिरा तशीच बसून राहिली. ऊन अंगणात सरकत आलं तेव्हा हंसा काठ्यांपासून निघाली. आईपर्यंत पोचायला तिला फार वेळ लागला. तिने आईला आत नेऊन पोलकं अंगात चढवून दिलं आणि नाड्या इतक्या सैल बांधल्या की हिराला त्या पुन्हा बांधून घ्याव्या लागल्या. मग हिराने तिला जवळ ओढलं. हंसा आधी ताठ राहिली, नंतर आईच्या कुशीत तोंड घालून रडू लागली. रत्नाबाई ओट्यावर जाऊन बसली.

संध्याकाळी कमलाकांत कामावरून आला. बहिणीने त्याला सांगितलं ते त्याने मान खाली घालून ऐकलं. पोर इथंच राहील, एवढंच तो म्हणाला. निघताना रत्नाबाईने हिराला बजावलं, की ही गप्प बसली तर शहाणी म्हणू नका, जवळ बसा, विचारत राहा.

हंसा लगेच बरी झाली नाही. दुपारची झोपायची, घास चिवडायची आणि रोज सकाळी उठल्यावर आईच्या पोटाकडे बघायची. मार्गशीर्षात शेजारच्या मुलीशी भांडून तिने तिची वेणी ओढली. कमलाकांतने ते तक्रार म्हणून कळवलं. रत्नाबाईला मात्र कितीतरी दिवसांनी अन्न गोड लागलं.

माघात हिराला मुलगी झाली, धडधाकट. बारशाला रत्नाबाई चार कुंच्या शिवून घेऊन गेली. हंसा पाळण्याची दोरी कोणाला धरू देत नव्हती. गाल भरले होते, आवाज अंगणापर्यंत येत होता. रत्नाबाईने तिला हाक मारली तेव्हा ती पाळण्याच्या पलीकडे सरकली आणि दोरीकडे बघत राहिली. जाताना आत्याच्या पाया पड, म्हणून हिराने सांगितलं. ती आली, वाकली आणि लगेच आत पळाली.

आपल्याला बघितलं की पोरीला पालघरचं घर आठवत असेल, हे रत्नाबाईला कळलं. तिने कोणाला काही म्हटलं नाही. जेवून ती दोनच्या एसटीने निघाली. पालघरला उतरली तेव्हा चार वाजत आले होते. ओट्यावर दोन बायका कापड घेऊन तिची वाट बघत बसल्या होत्या. तिने कुलूप काढलं, त्यांना पाणी दिलं आणि त्या गेल्यावर एका भाकरीचं पीठ मळायला घेतलं.