दोन ओंजळी भुसा

मित्रांनो, नाक मुरडायचे असेल तर आत्ताच मुरडून घ्या. मी एक जुनी पत्र्याची बादली आहे आणि माझे उभे आयुष्य एका संडासात गेले. त्या कामाची मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटावी असे काम माझ्या हातून नंतर घडले, आणि तेच तुम्हाला सांगायचे आहे.

एका पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून घडवले. त्याच्या दुकानात आम्ही बादल्या एकीत एक बसलेल्या असायचो. मला घ्यायला आला तो एक सुतार. त्याने माझ्या बुडावर टिचकी मारून आवाज ऐकला आणि पत्रेवाल्याला बजावले की ही गळली तर तुझ्या दारात बसून रडेन. पत्रेवाला हसला. मी कधी गळले नाही.

सुताराला शहर नकोसे झाले होते. बायकोला घेऊन तो डोंगराच्या पायथ्याशी आला आणि एका पाडलेल्या शाळेची दारे-खिडक्या आणून त्याने दोन खोल्यांचे लाकडी घर उभे केले. स्वतःसाठी मागे एक लहानशी खोली ठेवली आणि पुढचे घर सुट्टीवर येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने देऊ लागला. घरात भांडी होती, चूल होती, सरपण होते. स्वयंपाक ज्याचा त्याने करायचा, भांडी ज्याची त्याने घासायची. दिवे उन्हावर चालत. पाणी उताराखालच्या विहिरीचे, आणि ते बेताचे. म्हणून संडासात पाणी ओतायचे नाही, असा नियम होता.

पाण्याच्या जागी मी होते. काम उरकले की माझ्यातला दोन ओंजळी लाकडाचा भुसा खाली टाकायचा. खाली दोन पक्के खड्डे होते. एक भरला की तो झाकून ठेवायचा आणि दुसरा वापरायला घ्यायचा. दोन वर्षांनी झाकलेला खड्डा उघडला की आत काळी, भुसभुशीत माती मिळे. ओल्या रानासारखा तिचा वास, आणि हात घालावा तिथे गांडुळे. ती माती घराभोवतीच्या डाळिंबाच्या नऊ झाडांना जायची.

सुताराच्या बायकोला पाहुणे काकू म्हणत. नवे पाहुणे आले की काकू त्यांना आधी माझ्यासमोर उभे करी. "ही आमची थोरली सून. हिला विसरलात तर ती घर डोक्यावर घेईल," असे ती सांगे. पहिल्या दिवशी लोक रुमाल नाकाला लावून येत. तिसऱ्या दिवशी तेच लोक आपल्या नातेवाइकांना फोनवर सांगत की इथे वास म्हणून नाही. घरी पाण्याचा पेलासुद्धा न उचलणारे पुरुष मला काठोकाठ भरून ठेवत आणि बायकोला बोलावून दाखवत. मी तेव्हा फार सुखात होते.

भुसा सुताराच्या स्वतःच्या कामातला असे. तरी पोते सोडले की तो मूठभर भुसा नाकाशी नेई आणि मगच माझ्यात ओती. एकदा भुसा कमी पडला म्हणून त्याने वखारीतून पोते आणले, हुंगले, आणि तसेच पाठीवर घेऊन परत करून आला. वाळवी लागू नये म्हणून औषध पाजलेल्या लाकडाचा तो भुसा होता. असले अन्न माती खात नाही, एवढेच तो म्हणाला.

मग एका थंडीत सुतार खोकत राहिला आणि गेला.

काकू एकटी उरली. तिची एकुलती लेक शहरात होती, जावयाचा फर्निचरचा कारखाना होता. दोघांनी तिला बोलावले. काकू म्हणाली, हे घर चालतंय तोवर मीही चालतेय. जावयाच्या दारात राहणे तिच्या अगदी जिवावर येई. पाहुणे येत राहिले तर ती स्वतःच्या घरात मरेल, नाही तर लेकीच्या घरात परक्यासारखी जगेल, हे तिला पक्के ठाऊक होते.

सुताराचा शिल्लक भुसा संपला. जावई माणूस वाईट नव्हता. त्याने आपणहून चार पोती गाडीत घालून आणली. "आई, आमच्याकडे नुसता पडून असतो. फुकट ते पौष्टिक," असे म्हणत त्याने पोती माझ्याजवळ उतरवली.

काकूने सुताराच्या सवयीने मूठभर भुसा हुंगायला हात पुढे केला. मग मागे घेतला. एवढ्या लांबून जावयाने आणलेली वस्तू त्याच्यादेखत हुंगून बघायची? लेकीला काय वाटेल? तिने हात पुसला आणि ती चहा टाकायला गेली. तो गेल्यावर तरी हुंगायला हवे होते. पण पाठीमागे संशय घेणे तिला त्याहून वाईट वाटले असावे.

मला मात्र तो भुसा पोटात पडताक्षणी कळले. तो जड होता, हिरवट होता, आणि घशात बसेल असा त्याचा वास होता. पण बादलीचे कोण ऐकणार? पुढे पाहुण्यांच्या एका लहान मुलीने सांगितले, की आजी, तुमच्या बादलीला दवाखान्याचा वास येतो. तिच्या आईने डोळे वटारून तिला गप्प केले. काकू म्हणाली, "संडासात काय अत्तराचा वास येणार, बाळा?" सगळे हसले आणि विषय तिथेच संपला.

जावई दर दोन-तीन महिन्यांनी पोती आणत राहिला. मी दोन दोन ओंजळी देत राहिले.

जावयाच्या भुशाने भरलेला खड्डा झाकून दोन वर्षे झाली, तेव्हा काकूने तो उघडला. आत काही म्हणजे काही कुजले नव्हते. भुसा जसाच्या तसा होता, गोळे झालेला. एक गांडूळ नव्हते. काकूला वाटले, ओल कमी पडली. तिने पाणी घातले, महिनाभर वाट पाहिली आणि अखेर ते सगळे झाडांच्या बुंध्याशी पसरले. झाडे बिचारी कधीची वाट बघत होती.

आधी पानांच्या कडा तांबूस झाल्या. मग गोटीएवढी डाळिंबे गळली. मग फांद्या वाळल्या. नऊतली सात झाडे सहा महिन्यांत गेली. इकडे दुसरा खड्डाही कुजेना. त्याला घाण येऊ लागली आणि पाहुणे मुक्काम अर्धा टाकून जाऊ लागले. काकू दिवसातून चार वेळा फरशी घाशी. आपल्याच हाताला आता गुण राहिला नाही, असे ती स्वतःला सांगे.

सुताराबरोबर पूर्वी काम करणारा एक म्हातारा मिस्त्री दार दुरुस्त करायला आला. हात पुसायला म्हणून त्याने माझ्यातला भुसा घेतला आणि त्याचा वास नाकात जाताच तो तसाच थांबला.

"वहिनी, हे वाळवीचं औषध आहे. कुणी दिलं तुम्हाला?"

"जावयांनी आणलंय."

"मग काय, जावयाने आणलं म्हणून विष गोड होतं?"

काकू उठून झाडांकडे गेली आणि तिथून खाली विहिरीकडे पाहत राहिली. मिस्त्री तिच्या मागे गेला. विहिरीपर्यंत कदाचित काही पोचलेही नसेल, अशी त्याने समजूत घातली.

"कदाचितवर मी लोकांच्या पोरांना पाणी पाजू?" काकू म्हणाली.

त्याच दिवशी तिने रस्त्यावरची पाटी उतरवली. येणाऱ्या पाहुण्यांना नाही म्हणून कळवले. ती स्वतः सडकेवरच्या नळाचे पाणी आणू लागली. आठवड्याभरात लेक आणि जावई तिला न्यायला आले. घर बंद का केले, हे तिने सांगितले नव्हते. वय झाले, एवढेच म्हणाली होती.

तिची ट्रंक गाडीत गेली. गादीची वळकटी गेली. लेकीने खिडक्या लावून घेतल्या. जावई उरलेली दोन पोती उचलायला माझ्याकडे आला आणि सहज म्हणाला की वाया कशाला घालवायची, वळणावरच्या कोंबडीवालीला देऊ, कोंबड्यांच्या खाली अंथरायला भुसा देईन असे तिला म्हटलेच आहे. यापुढे तिलाच देत जाऊ.

काकू दारात उभी होती. आता या माणसाच्या घरी तिला उरलेले दिवस काढायचे होते. त्याचेच अन्न खायचे होते. मला वाटले, ही आताही हात पुसणार.

"तिला देऊ नका, जावईबापू. माझी झाडं त्यानेच गेली."

जावयाने पोते खाली ठेवले. "म्हणजे मी मारली म्हणता?"

"तुम्ही आणलंत. मी हुंगलं नाही. निम्मं निम्मं वाटून घेऊ."

लेक म्हणाली, "आई, निघायच्या वेळी हे काय काढलंस?" जावयाने पोती गाडीत टाकली. मग ट्रंक आणि वळकटी उतरवून ओट्यावर ठेवली. "आईंना सध्या इथेच राहू दे," असे तो बायकोला म्हणाला. गाडी गेली. काकूने ट्रंक ओढत आत नेली. तिला मध्ये दोनदा थांबावे लागले.

चार दिवसांनी वळणावरची कोंबडीवाली तणतणत आली. "तुमचा जावई शब्दाचा नाही हो. भुसा देतो म्हणाला, आणि आता म्हणतो, देत नाही. चुलीत घालायला तरी द्या म्हटलं, तर म्हणतो, तो जाळूही नये. काय एकेक माणसं असतात!"

काकूने तिच्यासाठी खुर्ची पुढे केली. "असतात खरी," ती म्हणाली. त्या दिवसानंतर लेकीचा फोन आलेला नाही.

मला काकूने तीनदा घासून धुतले, आणि तरी माझ्यात काही भरण्याचा तिला धीर होत नाही. मी पालथी पडून असते. पाहुण्यांच्या खोल्यांत धूळ साचली आहे. सकाळी काकू सडकेवरून पाणी आणते आणि त्यातले थोडे उरलेल्या दोन झाडांना घालते. ती जगतील की नाही, मला सांगता येत नाही.

मित्रांनो, जे भरले ते मी देत गेले, कारण मला दुसरे काही येत नाही. तुम्हाला येते. ज्याने प्रेमाने आणले, त्याला विचारायला जीभ अडखळते, हे मी जवळून पाहिले आहे. पण मातीला सासू कळत नाही आणि जावईही कळत नाही. म्हणून तुम्ही वेळेवर बोला. कोणी रागावून गेले तर जाऊ द्या. रागावलेला माणूस कधीतरी परत येतो. वाळलेले झाड येत नाही.