पिंगीच्या गोळ्या

पणदऱ्याच्या हिंदुरावांना जनावरातलं कळतं असं गावात बरेच जण म्हणत, आणि सगळ्यांत जास्त ते स्वतःच म्हणत. गोठ्यात नऊ म्हशी. म्हैस रेकली की त्यांना दुखणं कळायचं, दूध आटलं की कळायचं. पण पिंगी कुत्री. ती रेकणार नव्हती आणि दूधही आटवणार नव्हती. तिथंच त्यांचं शहाणपण तोकडं पडलं.

चार वेळा व्यालेल्या पिंगीचं पिल्लं बंद व्हायचं ऑपरेशन बारामतीला झालं. डॉक्टर राजलक्ष्मीबाईंनी घरी पाठवताना दुखणं थांबायच्या गोळ्या दिल्या. अर्धी गोळी रोज सकाळी खाल्ल्यावर, पाच दिवस, आणि उडी मारू द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदुरावांनी भाकरीच्या कुस्कऱ्यातून गोळी दिली. तासाभरात पिंगीबाईसाहेबांना मुंगूस दिसलं आणि त्या पोट शिवलेलं असताना पाण्याच्या चारीवरून उडी मारून पलीकडं गेल्या. हिंदुराव मागं धावले आणि तिला उचलून घरी घेऊन आले.

त्यांनी गोळ्यांचं पाकीट उचलून गोठ्यातल्या वरच्या फळीवर टाकलं. "दुखायचं थांबलं म्हून ही उधळली. दुखू दे जरा. दुखलं की जाग्यावर ऱ्हाती."

धार काढत असलेल्या त्यांच्या बायकोचे, जयवंताचे हात थांबले. "डॉक्टरनं सांगितलंय तर द्या की," ती म्हणाली.

"तुला जनावरातलं काय कळतंय?" नवऱ्यानं विचारलं. ती पुन्हा धार काढू लागली.

गोळी बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी पिंगी खरंच जागेवर राहिली. हिंदुराव खूश. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत, बघा, कशी शहाण्यासारखी बसलीय. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनाच चैन पडेना. पिंगी बसलेलीच होती, आडवी होत नव्हती. पाठीला पोक, शेपूट पोटाखाली, तोंड भिंतीकडं. दूध-भाकरीवर माश्या बसल्या. मागच्या पायांना बारीक थरथर सुटली होती. हिंदुराव उसाला पाणी धरायला गेले नि अर्ध्या वाटेतून परतले. वैरण टाकायला उठले आणि पेंढी हातात घेऊन तिच्यापुढंच उभे राहिले. टाके बघितले, कोरडे होते. सूज नव्हती. आवाज नव्हता. मग होतंय तरी काय हिला?

शेवटी त्यांनी फोन लावला. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गोळी चालू आहे ना, काका?"

"व्हय, चालू हाय की," हिंदुराव म्हणाले. जीभ कशी वळली ते त्यांनाही कळलं नाही. गावात जनावरातलं कळणारा माणूस पोरीच्या वयाच्या डॉक्टरला काय सांगणार?

पलीकडचा आवाज बदलला. "गोळी देऊनही एवढं दुखतंय म्हणजे आत काहीतरी बिघडलंय. लगेच घेऊन या. कदाचित पोट पुन्हा उघडावं लागेल."

पिकअपमध्ये जयवंता पिंगीला मांडीवर घेऊन बसली. माळेगावच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. हिंदुराव हॉर्न वाजवत होते, आरशात बघत होते, स्वतःशीच पुटपुटत होते. गचका बसला की पिंगी अंग आकसून घ्यायची, पण तोंडातून हूं की चूं नाही.

"वरडत तर न्हाय," ते म्हणाले. "लई दुखत नसंल."

"मीबी वरडले नव्हते," जयवंता म्हणाली.

त्यांनी वळून बघितलं.

"शिबिरात माझं पोरं बंद व्हायचं आप्रेशन झालं तवा. तुमच्या आईनं गोळ्या फळीवर ठिवल्या. दुखलं की जाग्यावर ऱ्हाती, म्हनल्या. आन तुमी समद्यांस्नी सांगत फिरलात, बायको लई सोशिक हाय माजी."

पुढची ट्रॉली हलली, मागून हॉर्न वाजले, तरी पिकअप जागेवरच होती. हिंदुरावांना आईचे शब्द कधी ऐकल्याचं आठवत नव्हतं, आणि तरी ते जसेच्या तसे त्यांच्या तोंडी आले होते. त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि गाडीत तोंड लपवायला जागा नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पिंगीच्या हिरड्या बघितल्या, पोट हलक्या हातानं दाबलं. कपाळावर आठी. "वरून काही सापडत नाही. उघडून बघायची तयारी करते," असं म्हणून त्या वळल्या.

"म्याडम," हिंदुराव म्हणाले. त्यांनी पिंगीवर हात ठेवला. "गोळी मी दिलीच न्हाय. येकदा दिली, मग बंद केली. मी खोटं बोललो. तिला कापू नगा."

डॉक्टरबाई टेबलाकडं परत आल्या. "उडी थांबवायला साखळी बांधायची असते, काका," एवढंच त्या म्हणाल्या आणि इंजेक्शन भरू लागल्या.

अर्ध्या तासात पिंगीची थरथर थांबली. तिनं एक लांब श्वास सोडला, पुढचे पाय पसरले आणि कुशीवर आडवी झाली. हिंदुराव तिच्या शेजारी फरशीवरच बसले.

"तुला किती दिस दुखलं?" त्यांनी वर न बघता बायकोला विचारलं.

"येकवीस," जयवंता म्हणाली. मधे सव्वीस वर्षं गेली होती, पण तिला आठवावं लागलं नाही.