कॅसिनोतली कढई आणि खोटी मारामारी

मी एक जुनी लोखंडी कढई आहे. लगेच नाक मुरडू नका मित्रांनो, मी भजी तळणाऱ्यांपैकी नाही. माझं बूड गोल आहे, मला हातभर दांडा आहे, आणि मी चक्क कॅसिनोत नोकरी केलेली आहे!

माझा जन्मच मुळी मार खाऊन झाला. मी एक सपाट पत्रा होते, कोपऱ्यात गप्प पडलेली. लोहाराने मला लालबुंद तापवलं आणि वर घण घातला. मग पुन्हा तापवलं, पुन्हा घातला. ओरडून उपयोग नव्हता, कारण माझं ओरडणं त्याला कामाचा आवाज वाटत होता. शेवटी मी वाकले आणि कढई झाले.

तिथून मी थेट गोव्याला गेले, नदीत उभ्या असलेल्या एका कॅसिनोच्या बोटीवर. काय तो थाट! वरच्या मजल्यावर कधी मोगल दरबाराची मेजवानी, कधी चाच्यांची. चाच्यांच्या दिवशी वाढपी एका डोळ्यावर काळी पट्टी बांधायचे आणि आख्खा तळलेला मासा तलवारीने कापायचे. मी मात्र खाली, जुगाराच्या टेबलांना खेटून असलेल्या नूडल्स बारवर. कारण जुगाऱ्याला जेवायला लांब जायचं नसतं. हरलेला माणूस चव घेत नाही, नुसता गिळतो. जिंकलेला तर गिळतही नाही, बोलतच राहतो. एकदा एका हरलेल्याने गरम सूपचा वाडगा वाढप्याच्या छातीवर फेकला होता. शेजारच्याने फक्त आपली खुर्ची सरकवली.

तिथले शेफ दत्तप्रसाद. हात असा की ज्वाळा माझ्या डोक्यावरून जायच्या आणि एकही नूडल करपायची नाही. पण आत, स्वयंपाकघराच्या दाराआड, तोच हात वेगळा होता. कुणाचं मीठ चुकलं की पळीचा दांडा बोटांच्या पेरांवर बसायचा. पहिल्यांदा मला वाटलं, चुकून लागला असेल. नंतर मला तसं वाटेनासं झालं.

पुण्याच्या रावसाहेबांनी त्या बोटीवर नूडल्स खाल्ल्या आणि ते इतके खूश झाले की शेफ आणि मी, दोघांनाही उचलून त्यांनी खराडीला आणलं. आयटी पार्कसमोर त्यांचं नवं हॉटेल होतं, कॅसिनोसारखं सजवलेलं. इथे खरा जुगार चालत नाही, म्हणून सगळं खोटं. पैसे खोटे, चिप्स खोट्या, मधोमध एक मोठं चक्र, आणि आकडा लागला तर आइस्क्रीम फुकट. पुणेकर ते चक्र फिरवायचे आणि आकडा लागला की विचारायचे, "पार्सल मिळेल का?"

याच हॉटेलात भाज्या चिरायला नम्रता आली. मूळची भंडाऱ्याकडची, आधी हिंजवडीच्या एका होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची. भाज्या चिरता चिरता तिने माझ्याशी गट्टी केली. शेफ सुट्टीवर असले की ती मला भट्टीवर चढवायची, आणि काय सांगू, मी तिच्या हातात नाचायचे! शेफना हे कळलं तेव्हा पळी तिच्याही पेरांवर बसली. ती नळाखाली बोटं धरायची, पुसायची आणि पुन्हा कोबी चिरायला लागायची. रडताना मी तिला पाहिलं नाही. दात मात्र आवळलेले असायचे.

एकदा रावसाहेबांनी तिच्या नूडल्स खाल्ल्या. म्हणाले, रविवारी वाढपी गुंड बनून वाढतात त्या गँगस्टर लंचला नूडल्सचा काउंटर तू सांभाळ, जमलं तर कायमचा तुझा. नम्रताला काउंटर कशासाठी हवा होता ते मला पक्कं ठाऊक आहे. काउंटर बाहेर होता, लोकांच्या डोळ्यांसमोर. तिथे दाराआड काही होत नाही, असं तिला वाटत होतं.

त्या रविवारी सकाळी भांडी घासणाऱ्या शकीलाआपा सगळ्यांच्या आधी आल्या. आपांचे अब्बा भवानी पेठेत कलई करायचे. त्यामुळे आपांच्या लेखी काळं भांडं म्हणजे आजारी भांडं. मी कधी त्यांच्या हाती लागले नव्हते, मला शेफ आणि नम्रताच पुसून ठेवायचे. आपांनी मला पाहिलं आणि त्यांचा जीव कळवळला. पोरीचा एवढा मोठा दिवस आणि भांडं असं कळकट? त्यांनी चिंच घेतली, विटकर घेतली, तारेची घासणी घेतली.

मित्रांनो, तो मळ नव्हता हो. ती माझी कातडी होती. वर्षानुवर्षं तेल पिऊन, धूर खाऊन माझ्या अंगावर तो काळा थर बसला होता, म्हणून तर नूडल्स मला चिकटत नव्हत्या. आपांनी तो सोलून काढला. किती मायेने सोलत होत्या, गाणं गुणगुणत! मोरीत काळं पाणी वाहत होतं आणि मी खालून पांढरीफटक निघत होते. शेवटी मला खुंटीला अडकवून त्या म्हणाल्या, "आता कशी नवरीसारखी दिसतेस."

नम्रताने मला पाहिलं आणि ती भिंतीला टेकली. आपांना मात्र एका शब्दाने बोलली नाही. थर परत धरावा म्हणून तिने माझ्यात तेल धुरावेपर्यंत तापवलं, ओतलं, पुन्हा तापवलं. पण पाहुणे येऊन बसले होते, चक्र फिरायला लागलं होतं. पहिल्याच नूडल्स मला घट्ट धरून बसल्या. तिने खरवडल्या, तर तुकडे झाले. दुसऱ्या करपल्या. धूर वर जायला लागला.

तेवढ्यात हॉलमध्ये गँगस्टरांची मारामारी सुरू झाली. म्हणजे नाटकच, दर गँगस्टर लंचला असायचं ते. वाढपी काळ्या टोप्या घालून एकमेकांच्या डोक्यात साखरेपासून बनवलेल्या खोट्या बाटल्या फोडायचे, एक मुलगी "वाचवा" म्हणून ओरडायची, आणि पाहुणे टेबलं बडवायचे.

आणि शेफ दाराबाहेर आले.

त्यांच्या हातात उकळत्या सूपमधली पळी होती. ती त्यांनी नम्रताच्या मनगटावर हाणली. समोरच्या टेबलावरून टाळ्या पडल्या! मग त्यांनी तिची वेणी आपल्या मनगटाला गुंडाळली आणि तिचं तोंड माझ्याकडे दाबलं. मी धगधगत होते. तिच्या पापण्या मला मोजता आल्या असत्या. तोंड वाचवायला तिने हात पुढे टाकला आणि तळवा माझ्या काठावर टेकला. चर्र झालं. नूडल्स चिकटल्या होत्या तशीच तिची कातडी मला चिकटली.

ती ओरडली, "सोडा मला." तशी शिट्टी वाजली. लोकांनी मोबाइल वर धरले. कुणीतरी म्हणालं, "एकदम रिअल आहे यार." मला स्वतःला गार करता आलं असतं तर! पण कढईला तेवढंच करता येत नाही.

आवाज ऐकून आपा आल्या, कोपरापर्यंत साबणाचा फेस. त्यांनी एक नजर नम्रतावर टाकली आणि सरळ शेफच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"नाटक चाललंय, आपा. आत जा," शेफ दातओठ खात म्हणाले.

"नाटक आहे ना?" आपांनी आपला ओला हात पुढे केला. "मग आता माझा धर. ठेव कढईवर. हे लोक पैसे देऊन आलेत, त्यांना अजून थोडं दाखव."

शेफनी हात धरला नाही. आपा वाट बघत राहिल्या. टाळ्या एकेका टेबलावरून विझत गेल्या, आणि मग भाजल्याचा तो वास सगळ्यांपर्यंत पोहोचला. समोरच्या टेबलावरच्या एका बाईंनी मोबाइल खाली ठेवला आणि पाण्याचा जग घेऊन त्या धावल्या. वेणी सुटली. नम्रताने चांगल्या हाताने भट्टी बंद केली आणि रावसाहेबांकडे पाहिलं.

"काउंटर माझा आहे का नाही, ते इथेच सांगा. सगळ्यांसमोर."

रावसाहेबांनी घाम पुसला. दाराआडचं त्यांना ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण या वेळी पन्नास डोळे त्यांच्यावर होते. "दत्तप्रसाद, ॲप्रन काढ," ते म्हणाले. मघाशी मजेत काढलेले व्हिडिओ त्याच लोकांनी मग पोलिसांना दिले.

घासल्यामुळेच नूडल्स चिकटल्या हे आपांना समजलं तेव्हा त्या मला छातीशी धरून रडल्या. माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे झालं, एवढंच म्हणत होत्या. नम्रता पट्टी बांधलेला हात त्यांच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "तुम्ही घासलं म्हणून नाही भाजला, आपा. त्याने मला दाबलं म्हणून भाजला."

आता मी तिच्या काउंटरवर असते. तिची दोन बोटं नीट मिटत नाहीत, म्हणून ती मला डाव्या हाताने उडवते. माझ्या अंगावर काळेपणा परत धरतोय, डागाडागांनी.

मित्रांनो, लोखंडी कढईला तारेने घासू नका, तेलाचा हात फिरवा, तेवढं माझ्यासाठी करा. आणि कुठे मारामारी दिसली तर आधी मार खाणाऱ्याचं तोंड बघा. तो हसत असेल तर खुशाल टाळ्या वाजवा. हसत नसेल तर मोबाइल खाली ठेवून हात मोकळे करा. समोरच्या टेबलावरच्या त्या बाईंनी केले, तसे.