नव्या बाईला बोलू द्यायचं नाही

आमच्या जिममध्ये सकाळी अकरा ते बारा फक्त बायका असतात, आणि त्या तासात एक नियम कडक पाळला जातो. नवी बाई दारात आली की पहिली पंधरा मिनिटं तिला बोलू द्यायचं नाही.

नियम हेडबाईंचा. हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. वय चौसष्ट, आवाज अजून शाळेच्या मैदानाच्या मापाचा. त्यांचं म्हणणं असं की नव्या बाईच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य ही सबब असते. माझा गुडघा, माझी कंबर, ह्यांना विचारून सांगते, सोमवारपासून येते. ते वाक्य एकदा बाहेर पडलं की बाईला स्वतःलाच पटतं आणि ती जिना उतरून जाते, ती जातेच. म्हणून आधी तिला सायकलवर बसवायचं. धाप लागली की सबब सुचत नाही.

मलाही असंच बसवलं होतं. बाळ तेव्हा पाच महिन्यांचं होतं आणि मी नुसती वेळ विचारायला गेले होते. ती विचारायला मिळाली तेव्हा माझी दहा मिनिटं सायकल चालवून झाली होती आणि सगळ्या बायका भोवती उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मला एकदम रडूच आलं. घरी दिवसभर मी टाळ्या वाजवत असायची. बाळ पालथं पडलं, टाळ्या. बाळाने ढेकर दिली, टाळ्या. कोणी माझ्यासाठी वाजवायची पाच महिन्यांतली ती पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन गेले.

तेव्हापासून तो तास माझा आहे. बाळ अकराला झोपतं आणि बाराच्या सुमाराला उठतं. तेवढा वेळ सासूबाई त्याच्यापाशी बसतात. मात्र सव्वाबाराला त्यांचा मैत्रिणींबरोबर पत्त्यांचा डाव असतो, त्यामुळे त्यांचं बारा म्हणजे बारा. मी जिमच्या भिंतीवरच्या घड्याळात बाराला पाच कमी असताना निघते, वाट बरोबर पाच मिनिटांची, आणि तरी रोज घरी पोचेपर्यंत बारा वाजून सात मिनिटं झालेली असतात. सासूबाई म्हणतात, मी रमतगमत येते. मी म्हणते, आई, तुमचं घड्याळ पुढे आहे. यावर आमचं रोज थोडं थोडं वाजतं.

तर हा तास जाणार होता. जिमच्या मालकांनी सांगितलं, बायका अकराच आहेत, निदान बारा तरी हव्यात. महिन्याच्या शेवटच्या दिवशी साडेअकराला ते स्वतः येऊन डोकी मोजणार. बारा भरली नाहीत तर ही वेळ वजन उचलणाऱ्या पुरुषांना. बाकीच्या बायकांना संध्याकाळी यायची सोय होती. मला नव्हती. संध्याकाळी बाळ माझ्या अंगावरून उतरत नाही. तो तास गेला की माझ्या दिवसात माझं म्हणावं असं काही उरणार नव्हतं.

महिना संपायला दहा दिवस होते तेव्हा ती आली.

पंचेचाळिशीची, बारीक अंगाची बाई. अंगावर खिशाखिशांचा एप्रन, कपाळावर पट्ट्याने बांधलेलं काळं नळकांडं. मला वाटलं, डोकेदुखीवर काहीतरी नवीन निघालं असेल. ती दारातच ठाम उभी राहिली आणि म्हणाली, "हे बघा, मी खालून आलेय..."

"सगळ्या खालूनच येतात," हेडबाई म्हणाल्या. "जिना एकच आहे."

आणि तिचा दंड धरून त्यांनी तिला सायकलपाशी नेलं. दोघी जावांनी तिची पावलं पेडलांवर ठेवली. या सख्ख्या जावा, एकाच घरात राहतात आणि सगळ्यात चढाओढ करतात, नव्या बाईचा उजवा पाय कोणी धरायचा यातसुद्धा. कोच म्हणून आमच्याकडे एक चोवीस वर्षांची मुलगी आहे. ती म्हणाली, यांना आधी काही बोलायचं असेल बहुतेक. पण तिचं आमच्याकडे कोणी ऐकत नाही. सबंध वर्ष ती सांगतेय, वजनं हळू खाली ठेवा. कोणी ठेवत नाही. थोरलीने आठ किलोचा डंबेल उचलला हे धाकटीला कळावं म्हणून थोरली तो आपटते. मग धाकटी तिच्याहून जोरात आपटते.

बाईने दोनतीनदा तोंड उघडलं. दरवेळी आम्ही टाळ्या वाजवल्या. पंधरा मिनिटांनी ती उतरली तेव्हा तिच्या तोंडून नावापलीकडे शब्द फुटेना. हेडबाईंनी नाव विचारून वहीत बारावं म्हणून लिहिलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, आम्ही जिंकलोच. या खेपेला हातात घडी घातलेला कागद होता. एक शब्द न बोलता तिने तो हेडबाईंपुढे धरला. नव्या बायका डॉक्टरांची चिठ्ठी आणतातच. हेडबाईंनी कागद न उलगडता फायलीत ठेवला. म्हणाल्या, असले कागद आपण पहिला आठवडा वाचत नाही, आणि तिला सायकलवर बसवलं. त्या दिवशी तिने वीस मिनिटं चालवली. शेवटची पाच तर आपणहून, खाली मान घालून, दात ओठ खात. आम्ही म्हटलं, काय जिद्द आहे.

तिसऱ्या दिवशी ती आली नाही. चौथ्याही नाही.

आमच्यात नव्या बाईला एक जुनी सोबतीण नेमून देतात, आणि हिची मी होते. फोन नंबर मिळावा म्हणून मी फाईल काढली आणि तो कागद उघडला. सुंदर, कोरीव अक्षर होतं.

"माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आपल्या जिमच्या बरोबर खाली आहे. रोज अकरा ते बारा छत हादरतं. मनगटी घड्याळाचा स्क्रू तिळाहून लहान असतो. दोन महिन्यांत माझे एकोणीस स्क्रू उडून हरवले. काल हे सांगायला आले असता मला सायकलवर बसवण्यात आलं. कृपया पुन्हा बसवू नये. आवाज थांबला नाही तर मला मालकांकडे जावं लागेल."

खोटं कशाला बोलू, पहिला विचार आला तो कागद परत घडी करून ठेवायचा. नाव वहीत होतं. शेवटच्या दिवशी पाच मिनिटं येऊन उभ्या राहा म्हणून हातापाया पडता आलं असतं. पण ते "पुन्हा बसवू नये" काही डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना दाताच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, म्हणून बाळ माझ्यापाशीच होतं. अकराला ते खांद्यावर झोपलं आणि तशीच मी त्या दुकानात गेले. जिमचा जिना मागच्या गल्लीत, दुकानाचं दार पुढच्या रस्त्यावर. चार महिन्यांत कधी मी त्या बाजूला फिरकलेही नव्हते. लांबट, अरुंद खोली. काचेच्या कपाटात घड्याळं, टेबलावर पांढरं फडकं, फडक्यावर उघडून ठेवलेलं घड्याळ आणि त्याच्याशेजारी मुंग्यांच्या डोळ्यांएवढे स्क्रू. कपाळावरचं नळकांडं आता तिच्या डोळ्यावर होतं. भिंगच ते.

मला बघून ती खुर्ची मागे सरकवून उभी राहिली. बहुधा मी धरून नेईन असं तिला वाटलं असावं.

मी म्हणाले, "बसा. आज तुम्ही बोला."

तेवढ्यात वर धाडकन आवाज झाला. ती थोरली. पाठोपाठ त्याहून मोठा, ती धाकटी. छतावरून चुना भुरभुरला. तिने दोन्ही हातांची ओंजळ त्या स्क्रूंवर पालथी घातली होती. मी बाळाचा कान माझ्या तळव्याने झाकला होता. दोघींनीही न बघता, हातांच्या सवयीने. मग आम्ही एकमेकींच्या हातांकडे बघितलं.

मी माफी मागितली. विचारलं, दोन दिवसांत एकदाही ओरडून का नाही सांगितलंत. ती म्हणाली, धाप लागली होती. मग जरा थांबून, स्क्रूंवरचा हात न काढता म्हणाली, "आणि तुम्ही टाळ्या वाजवत होतात. बावीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतेय मी. बंद पडलेलं चालायला लागलं की माणसं घड्याळाकडे बघतात. माझ्याकडे कोणी बघत नाही. म्हणून ती शेवटची पाच मिनिटं... असो. आवाज बंद झाला पाहिजे."

माझा खांदा भरून आला होता. तिने बाकाकडे बोट केलं. मी बाळाला तिथे ठेवलं, नेहमी ठेवते तसं. आधी ढुंगण टेकवायचं, मग पाठ, मग डोकं, सगळ्यात शेवटी मान. हात खालीच राहू द्यायचा, बाळाला वाटलं पाहिजे की अजून आपण आईच्या अंगावरच आहोत. मग एकेक बोट काढून घ्यायचं. श्वास नंतर सोडायचा. बाळ हललंसुद्धा नाही.

ती भिंग वर करून सगळं बघत होती.

"किती वजनाचं आहे?"

"साडेआठ किलो."

"असं ठेवता येतं ना तुम्हाला?" ती म्हणाली. "मग ते लोखंड का आपटता?"

मी म्हणाले, वर सगळ्यांना सांगते. घड्याळवालीने तीन दिवसांची मुदत दिली. तोवर ती मालकांकडे जाणार नव्हती. वर याल का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर कागद वाचला. हेडबाई मटकन खुर्चीवर बसल्या. त्यांना असं बसलेलं आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. मग मी आठ किलोचा डंबेल घेतला आणि त्याला निजवून दाखवलं. आधी एक टोक, मग दुसरं, हात खाली, एकेक बोट. कोच म्हणाली, वर्षभर हेच तर सांगतेय मी, उचलण्यापेक्षा सावकाश ठेवण्यात जास्त ताकद लागते. या वेळी सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि ती बिचारी लाजली.

दुसऱ्याच दिवसापासून जावांची चढाओढ उलट्या दिशेला लागली. धाकटीचा डंबेल जरा टेकला की थोरली विचारायची, "काही आवाज आला का गं?" जमिनीला कान लावून तपासायला एक बाई नेमली गेली. एकीने ठेवलेल्या डंबेलला नकळत दोन थापट्यासुद्धा दिल्या. अकरा बायका पाय न वाजवता फिरत होत्या आणि कुजबुजत बोलत होत्या. दारावरून जाणाऱ्याला वाटलं असतं, आत कोणाचं तरी बाळ झोपलंय.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. साडेअकराला मालक आले आणि बोटाने मोजू लागले. अकरा. पुन्हा मोजली. अकराच. हेडबाई म्हणाल्या, वहीत बारा आहेत. मालक म्हणाले, वहीला घाम येत नाही. मी डंबेल उगाच उचलून पुन्हा निजवला.

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि दारात घड्याळवाली. एप्रन, कपाळावर भिंग.

हेडबाईंचा हात सवयीने पुढे गेला. तो त्यांनी अर्ध्यावर थांबवला, दुसऱ्या हाताने धरून खाली घेतला आणि म्हणाल्या, "बोला."

चौसष्ट वर्षांच्या बाईला एक शब्द बोलायला किती कष्ट पडतात ते आम्ही डोळ्यांनी बघितलं.

घड्याळवाली आधी बुजली. मग म्हणाली, इतके दिवस खाली काहीच ऐकू येत नाही, म्हटलं बंद पडलं की काय. बंद पडलेलं काही असलं की तिला बघवत नाही. मग ती बोलतच राहिली. स्क्रूंबद्दल, छताबद्दल, दिवसभर वाकून दुखणाऱ्या पाठीबद्दल. त्या दोन दिवसांनंतर पाठ जरा मोकळी वाटली होती याबद्दल. एकोणिसांपैकी सात स्क्रू कपाटाखाली सापडले त्याबद्दल. पंधरा मिनिटं कोणी एक शब्द मध्ये घातला नाही. मालकांनी दोनदा घड्याळाकडे बघितलं.

बोलणं संपल्यावर ती स्वतःच सायकलवर चढली. म्हणाली, "टाळ्या वाजवा, पण जरा हळू."

"बारा," मालक म्हणाले आणि निघून गेले.

जाता जाता तिने भिंतीवरचं घड्याळ उतरवून कानाला लावलं. म्हणाली, हे सात मिनिटं मागे आहे. निदान वर्षभर तरी असावं. मला घरचं रोजचं बारा वाजून सात आठवलं.

घरी आले तर सासूबाई पायात चपला घालून दारातच उभ्या. मी त्यांना सांगून टाकलं, आई, चूक आमच्या घड्याळाची होती, तुमचं बरोबर होतं. त्यांनी मला ते आणखी एकदा म्हणायला लावलं. मग पिशवी खांद्याला अडकवत म्हणाल्या, "आता कळलंय ना? मग सात मिनिटं उशीर झाला तरी चालेल. त्या बायका काही माझ्यावाचून पत्ते वाटत नाहीत."

आत बाळ उठलं होतं. मला बघून त्याने टाळ्या वाजवल्या. अजून दोन्ही हात नीट एकमेकांवर पडत नाहीत, त्यामुळे आवाज काही आला नाही.