तीनशे चौसष्ट दिवस

मित्रांनो, मी एक जुना सीटी स्कॅनर आहे. आखातातल्या अजमानच्या एका दवाखान्यात तळमजल्यावर उभं असलेलं मोठं पांढरं कडं. माणसाला न कापता मी त्याच्या आतल्या पातळ पातळ चकत्या दाखवतो. नवा होतो तेव्हा डॉक्टर माझ्यासोबत फोटो काढायचे. आता पोटातला पंखा घरघरतो म्हणून टोमणे मारतात. चालायचंच. मला किळस येते ती दुसऱ्याच गोष्टीची. माझ्या टेबलावर पेशंट आडवा होतो आणि त्याला घेऊन आलेला माणूस उभ्या उभ्या खोटं बोलतो. असं प्रत्येक खोटं मी मनात मोजून ठेवतो.

मुनीर आला त्या दिवशी मोजणी भराभर वाढली. तो लोखंडी गेटच्या वर्कशॉपचा सुपरवायझर. सोबत त्याच्याच गुहागरकडच्या गावचा मुश्ताक, ग्राइंडरवर काम करणारा. मुश्ताकच्या उजव्या डोळ्यात मुनीरनं गुलाबपाणी ओतलं होतं आणि वरून रुमाल पार्सलसारखा आवळला होता. डॉक्टरांनी तो सोडला. आतली बाहुली थेंबासारखी ओढलेली दिसताच डोळ्याला न टेकणारी कडक वाटी लावून त्याला तातडीनं माझ्याकडे पाठवलं.

मला चालवते नबिला. घर श्रीवर्धनचं, वाढली शारजात. तिनं विचारलं, "मुश्ताकभाई, काय करताना लागलं?"

मुश्ताकनं मुनीरकडे पाहिलं.

"रूमवर झोपला होता. पंख्याची धूळ गेली," मुनीर म्हणाला. "आणि हे मशीन नको. ते चुंबकवालं करा, एमआरआय. त्यात रेडिएशन नसतं, मी मोबाइलवर वाचलंय. मला काळजी आहे हो त्याची."

"आत लोखंड असलं तर चुंबक ते आतल्या आत ओढेल. डोळा खलास!"

"लोखंड कसलं? धूळ म्हटलं ना! यल्ला, लवकर करा."

मुश्ताकनं नबिलाला विचारलं, "ताई, डोळा राहील ना?"

"इन्शाल्ला. आता समोर बघा. डोळा अजिबात हलवायचा नाही."

मी फिरलो. डावा डोळा छान गोल. उजवा हवा गेलेल्या फुटबॉलसारखा पिचकलेला, आणि आत, मागच्या भिंतीजवळ, तांदळाच्या कणीएवढा पांढराशुभ्र ठिपका. लाकडाची काडी असती तर कदाचित मीही फसलो असतो. धातू मात्र माझ्यापासून लपत नाही.

"ही बघा तुमची पंख्याची धूळ," नबिला म्हणाली.

मुनीरचा आवाज एकदम मऊ झाला. "तू तर आपल्याच मुलखातली. आमच्या दारात बोर्ड आहे, अपघाताविना दिवस. आज तीनशे चौसष्ट झाले. उद्या वर्ष पुरं, मोठे साहेब येणार, सर्टिफिकेट, बिर्याणी! घरी झालं एवढंच लिही ना."

"आणि गॉगल?"

"आहेत की, वीस आहेत! कपाटात, पाकिटासकट. वापरले की ओरखडे पडतात. तपासणीला नवेच दिसायला हवेत ना?"

मित्रांनो, यंत्राला ओकारी येत नाही, हे त्याच्या शर्टाचं नशीब.

"ताई," टेबलावरून मुश्ताक बोलला, "लिहा. वर्कशॉप. ग्राइंडर. सकाळी आठ. कपाटाला कुलूप होतं."

नबिलानं शब्दन् शब्द टाइप केला. तासाभरात मुश्ताक ऑपरेशनला गेला.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला, आत तुकडा उरला नाही ना ते पाहायला. मागे मुनीर, हातात बिर्याणीचा डबा.

"बोर्डावर आज किती?" नबिलानं विचारलं.

"तीनशे पंच्याऐंशी," मुनीर अभिमानानं म्हणाला. "मुश्ताक रजेवर दाखवलाय."

नबिलानं डब्याला हात लावला नाही.

मित्रांनो, गॉगल कपाटात नव्हे, डोळ्यावर शोभतो. ओरखडे त्याच्यावर पडू द्या. डोळ्याला लागलं तर चोळू नका, दाबू नका, आत काही ओतू नका. आणि काय करताना लागलं ते खरं सांगा. मला आतलं दिसतं, पण माझ्यापर्यंत पोहोचायला वेळेवर एक खरं वाक्य लागतं.

चकत्या स्वच्छ निघाल्या. टेबलावरून उतरताना मुश्ताक हसून म्हणाला, "ताई, आता दिसतं हं मला." डावा डोळा हातानं झाकून त्यानं तिची वर केलेली बोटं मोजली. "तीन."

बोटं दोन होती.

नबिलानं तिसरं बोट हळूच उघडलं. "बरोबर," ती म्हणाली.

ते खोटं मी मोजणीत धरलं नाही.