नीळकंठाचा हुंकारा

नीळकंठ दारव्हा सोडून गेला तेव्हा मी त्याला निरोप द्यायला गेलो नाही. माणूस घर सोडतो, गाव सोडतो, ते मी समजू शकतो. पण हा गडी माझा हुंकारा घेऊन गेला.

आमच्याकडं गोष्ट एकट्यानं सांगता येत नाही. एक सांगणारा लागतो आणि एक हुंकारा देणारा. सांगणारा थांबला की त्यानं 'हूं' म्हणायचं, मग गोष्ट पुढं सरकते. 'हूं' आलं नाही तर गोष्ट तिथंच बसते, चेन उतरलेल्या सायकलसारखी. माझं बसस्टँडजवळ सायकलचं दुकान आहे. नीळकंठ मोजणी खात्यातून सुटला की घरी जायच्या आधी माझ्या बाकड्यावर टेकायचा. त्याच्या हुंकाऱ्यावर मी एकदा वाघाला कॅरिअरवर बसवून दिग्रसपर्यंत नेलं. चढावर वाघाला उतरून ढकलायलाही लावलं. जन्मभर दुसऱ्यांची शेतं साखळीनं मोजणाऱ्या या माणसानं माझी गोष्ट कधी मोजली नाही. 'हूं' म्हणाला, बस्स.

नीळकंठाची बायको, कुंदा वहिनी, वारल्या आणि त्याच्या पोरानं, अभिषेकनं, त्याला कळंबच्या अलीकडं 'निवांत' नावाच्या वसाहतीत घर घेऊन दिलं. तिथं सगळे निवृत्त लोकच राहतात. मी दारव्ह्यात दुसरा हुंकारा शोधला. चहावाला द्यायचा, पण मोबाइलमध्ये पाहून. माझी सून ममता द्यायची, पण कुकरच्या शिट्ट्यांकडं कान ठेवून. एकदा तर माझा वाघ नदीच्या मधोमध असताना ती उठून वरणाला फोडणी द्यायला गेली. वाघ अजून तिथंच उभा आहे.

मग एक दिवस नीळकंठाचा फोन आला. तब्येत झाली, जेवण झालं, आणि शेवटी सहज म्हणाला, "इथं देवसिंग गुरुजी म्हनून एक हायेत. लय बेस गोष्टी सांगते, गोविंदा. मीच हुंकारा देतो त्याइले."

मी फोन ठेवला. त्या रात्री ममतानं केलेली भाकर मला गोड लागली नाही. तिला वाटलं, मीठ विसरली.

निवांतमध्ये रविवारी 'पहिली भेट' असते. ज्याला तिथं राहायला यायचा विचार आहे त्यानं नाव नोंदवायचं. त्यांची गाडी यवतमाळच्या स्टँडवरून नेते, दिवसभर फिरवते, जेवू घालते आणि अंधार पडायच्या आत परत आणून सोडते. पैसे लागत नाहीत. मी नाव नोंदवलं. तिथल्या व्यवस्थापक अनघा मॅडमनी कसं घर पाहिजे म्हणून विचारलं, तेव्हा मी कोपऱ्यावरचं, उगवतीच्या तोंडाचं आणि मागं दोन म्हशी बांधता येतील असं सांगितलं. त्या बिचाऱ्या म्हशींपाशी अडखळल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत.

आता फुकट नेलंच आहे तर काही सोडायचं नाही, असं मी ठरवलं होतं. नळ उघडला की गरम पाणी येत होतं. मी तीनदा हात धुतले. रक्तदाब दोनदा तपासून घेतला. दुसऱ्यांदा जास्त निघाला, कारण मधल्या वेळात मी नीळकंठाचं घर पाहून आलो होतो. पाय दाबायचं एक यंत्र होतं, त्यात पाय घालून बसलो तो पुढच्या पाहुण्यानं खाकरून उठवलं. पायऱ्या कुठंच नाहीत, सगळीकडं उतार. भिंतीला धरायला दांडे. मला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची होती आणि सापडत नव्हती. दांडा हलतो का म्हणून मी एकाला लोंबकळूनही पाहिलं. नाही हलला.

नीळकंठ मला भेटून खूश झाला. चेहऱ्यावर तेज आलं होतं त्याच्या, तेही मला आवडलं नाही. दारव्ह्यात काय चाललं आहे ते त्यानं विचारलं. मी म्हटलं, तू गेल्यापासून बाजार अर्धाच भरतो. त्यानं 'हूं' म्हटलं नाही, हसला. मग म्हणाला, चल, गुरुजींची वेळ झाली.

मी विचारलं, कसली वेळ?

तर तिथं भिंतीवर वेळापत्रक होतं आणि त्यात जेवणाआधी गोष्टींचा तास होता. भर उन्हात, अकरा-बाराच्या सुमारास. मी हबकलोच. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे आमच्याकडं लेकरालाही माहीत असतं.

"नीळकंठा, दिवसा गोष्ट आयकतं? मामाचं काय?"

"आपले मामा केव्हाचेच पोचले, बाप्पा. आता चुकून कुठी जातीन?"

हे त्याला आधी कधी सुचलं नसतं. संगत, दुसरं काय.

देवसिंग गुरुजी पुसदकडच्या तांड्यावरचे, शाळेतून निवृत्त झालेले. उंच, मिशा अशा की दोन्ही टोकांना कपडे वाळत घालावेत. व्हरांड्यात दहा-बारा खुर्च्यांचा गोल, मधे ते. आणि त्यांच्या उजव्या हाताला, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ, माझा नीळकंठ. माझ्या बाकड्यावर तो नेहमी दुसऱ्या टोकाला बसायचा. म्हणायचा, ऑइलचे डाग लागतात.

गुरुजींनी त्यांच्या पणजोबाची गोष्ट काढली. पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून नेत. बैल इतके, की पुढचे नागपुरात पाणी पिऊन ढेकर देत तेव्हा मागचे पुसदला अजून उठत असत. पणजोबांनी पुढं 'थांबा' म्हटलं, तर तो शब्द शेवटच्या बैलापर्यंत पोचायला दिवाळीची होळी व्हायची. तोवर शेवटच्या बैलानं पुढच्यांना ढकलत ढकलत मीठ समुद्रातच परत नेऊन ओतलेलं असायचं.

"हूं," नीळकंठ म्हणाला.

मी तो 'हूं' कुठंही ओळखला असता. थोडा नाकातून, शेवटाला किंचित वर उचललेला. आपली गाय दुसऱ्याच्या गोठ्यात हंबरावी तसं झालं मला. वर गोष्टही चांगली होती. वाईट असती तर मी तिथंच माफ केलं असतं दोघांना. बाकीचे हसत होते, मी पण हसलो, पण माझे दात एकमेकांवर घासत होते.

संपल्यावर नीळकंठानंच सगळ्यांना सांगितलं, की हा माझा दोस्त गोविंदा, हा पण सांगते थोडंबहुत. 'थोडंबहुत' हा शब्द त्यानं वापरला. देवसिंग गुरुजींनी हात जोडले आणि म्हणाले, "मंग भाऊ, जेवनं झाल्यावर तुमची होऊ द्या एक."

मी म्हटलं, मी दिवसा सांगत नाही. खानदानी माणूस आहे. अनघा मॅडम म्हणाल्या, काका, गाडी तर अंधाराच्या आत निघते. तेव्हा मला त्यांचा सिनेमाचा हॉल आठवला. सकाळी फिरवताना दाखवला होता. तिथं खिडक्यांना जाड पडदे होते, ओढले की स्वतःचा हात दिसू नये. म्हटलं, मॅडम, पडदे ओढून रात्र करून द्या, मी सांगतो. मामालाही कळणार नाही. आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, हुंकारा नीळकंठ देईल.

नीळकंठानं आधी गुरुजींकडं पाहिलं. परवानगी मागतात तसं. मी ते पाहिलं आणि ठरवलं, की आज अशी गोष्ट सांगायची की हा माणूस उठून माझ्याबरोबर गाडीत बसला पाहिजे.

जेवायला रोडगे होते. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले, वर तुपाची वाटी उपडी केलेली, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. मी चार खाल्ले. मत्सरानं भूक मरते म्हणतात, ते रोडगे न खाल्लेल्या लोकांनी म्हटलं असेल. बाकीच्यांनीही पाहुण्यांच्या निमित्तानं हात सैल सोडला होता. डॉक्टरनं तूप बंद केलेले दोघं तर वरणाखाली तूप लपवून खात होते.

तिथंच माझं चुकलं. रोडगे पोटात, वर पंखा, आणि सगळीकडं अंधार. जन्मभर गोष्टी सांगणाऱ्या माणसाला हे कळायला पाहिजे होतं. पण माझं डोकं दुसरीकडंच होतं.

मी नवीकोरी गोष्ट काढली, कोणालाच न सांगितलेली. एका मे महिन्यात दारव्ह्याला असं ऊन पडलं, की कावळे म्हशीच्या सावलीत पायी चालायचे. त्या दिवशी मी ट्रकच्या एका ट्यूबमध्ये हवा भरून ठेवली.

"हूं," नीळकंठ म्हणाला. अंधारात तो आवाज आला आणि माझ्या छातीतला काटा निघाला.

पुढं पौषात, थंडीनं दात वाजत असताना, ती ट्यूब मी बैलगाडीवर टाकून मुकुटबनकडं निघालो. वाटेत बाभळीचा काटा लागला आणि ट्यूब फुटली.

"हूं."

ट्यूबमधून अख्खा मे महिना बाहेर आला. वावरातल्या माणसांनी अंगावरची घोंगडी फेकली. कापसाची बोंडं फटाफट उकलली. आंब्याला मोहोर आला, मोहोराला कैऱ्या आल्या, कोकीळ ओरडली. कोकीळ ऐकून तिथल्या मास्तरनं शाळेला उन्हाळ्याची सुटी दिली.

मी थांबलो. हुंकारा आला, पण लांबला. खूप लांबला. मग त्याला शिट्टी लागली आणि मला कळलं, की नीळकंठ घोरतो आहे. कान दिला तर चारी बाजूंनी तेच. कोणी जाड, कोणी बारीक, एक बाई तर झोपेत कोणाला तरी भाजीचा भाव विचारत होती. माझी गोष्ट मुकुटबनच्या रस्त्यावर उभी राहिली. ज्याच्यासाठी इतक्या लांब आलो, रोडगे आणि रक्तदाब सोसला, तो माझ्या नव्या गोष्टीत झोपला होता. गुरुजींच्या बैलांच्या वेळी डोळा मिटला नव्हता त्याचा.

मी उठायला लागलो.

"हूं," अंधारातून कोणीतरी म्हणालं.

हा नाकातला नव्हता. पोटातून आलेला, सावकाश, भरलेल्या गाडीच्या चाकासारखा. मी परत बसलो. म्हटलं, आता प्रश्न असा पडला, की पोरं सुटीवर गेली, गहू करपायला लागले, तर हा एवढा उन्हाळा परत ट्यूबमध्ये भरायचा कसा? खरं सांगतो, मलाही माहीत नव्हतं. मी तिथपर्यंत कधी पोचलोच नव्हतो. नीळकंठ नेहमी एकसारखा हुंकारा द्यायचा, त्यावर मी सपाट रस्त्यानं जायचो. हा मात्र नेमका तिथं 'हूं' म्हणायचा जिथं मी लबाडी करून सुटणार असायचो, आणि मग सुटता यायचं नाही. मला खोटं बोलण्यासाठी घाम गाळावा लागला. असा शेवट माझ्या तोंडून निघाला की माझं मलाच हसू आवरेना, आणि समोरचा अंधारही खदखदून हसला.

त्या हसण्यानं सगळे जागे झाले. कोणीतरी पडदा ओढला. समोरच्या खुर्चीत देवसिंग गुरुजी मिशा पुसत होते.

नीळकंठानं डोळे चोळले. एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्या सकाळपासून स्वतःच्या तोंडावर बाळगून होतो, म्हणून लगेच ओळखलं.

"तुमी हुंकारा देल्ला त्याले?" तो गुरुजींना म्हणाला.

गुरुजी म्हणाले, हो, मग काय करणार, गोष्ट अर्ध्यात सोडू नये. आणि वरून असंही म्हणाले, की असा सांगणारा मी तांड्यातही पाहिला नाही. मी खाली पाहिलं. लाजल्यासारखं दिसावं म्हणून.

नंतर नीळकंठ चहाला गुरुजींच्या शेजारी बसला नाही. माझ्याही बसला नाही. कप घेऊन एकटा उतारावर जाऊन उभा राहिला. गाडी लागली तेव्हा मात्र फाटकापर्यंत माझ्याबरोबर आला. अनघा मॅडमना मी सांगितलं, की घर पसंत आहे, म्हशींना विचारून कळवतो. त्या गेल्या, तसा नीळकंठ जवळ सरकला.

"भरला का मंग उन्हाळा परत ट्यूबात?"

"गुरुजीले इचार. थे जागे होते."

"त्याले काहून इचारू? गोष्ट तुही हाये, हुंकारा माहा हाये. मधात थो कोन?"

हे ऐकायलाच मी आलो होतो. दारव्ह्याहून यवतमाळपर्यंत जीपमध्ये अर्धं ढुंगण टेकवून आलो होतो ते याच्यासाठी. पण मिळालं म्हणून लगेच खिशात टाकायचं नसतं, थोडं हातात खेळवायचं असतं. मी म्हटलं, शेवट दारव्ह्याला ठेवला आहे, बाकड्यावर. बाजाराच्या दिवशी ये, मुक्कामाला ये, दिवे लागल्यावर सांगतो. तो म्हणाला, बाकड्यावर ऑइल असते. मी म्हटलं, पोतं टाकतो.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी चढलो. नीळकंठानं खिडकीला हात धरला आणि मागं कोणी नाही ना ते पाहून घेतलं.

"येतो मी. पन एकटाच येईन. देवसिंगले सांगू नोको, नाहीतं थे पन निंगतीन."

मी मान हलवली. गाडी निघाली. नीळकंठ फाटकात उभा राहून हात हलवत होता, आणि मी काच वर करून घेतली, म्हणजे माझं हसणं त्याला दिसू नये. चहाच्या वेळी, तो उतारावर एकटा उभा असताना, मी गुरुजींना बाजाराच्याच दिवशी मुक्कामाला बोलावून बसलो होतो. त्यांनाही एकटंच या म्हटलं होतं.