काढून ठेवलेली सेल्फ

मी एक सेल्फ आहे. म्हणजे मोटरसायकलची स्टार्टर मोटर. पण एवढं लांबलचक नाव घ्यायला गॅरेजात कुणाला फुरसत नसते. बटण दाबलं की बॅटरीतली वीज माझ्यात येते, मी इंजिनाला चार गिरक्या देते, ते खाकरून जागं होतं आणि माझं काम संपतं. पुढचा सगळा प्रवास इंजिनाचा. त्याचं मला वाईट वाटत नाही. दार उघडून देणाऱ्याने आत जाऊन बैठकीत बसायचं नसतं.

एका कारखान्यात माझ्या पोटात तांब्याच्या तारेचे वेढे भरले गेले, दोन बोल्टांनी मला इंजिनाला जखडलं गेलं आणि मी दुकानात उभी राहिले. गिऱ्हाईक म्हणून आले ते गुरांचे डॉक्टर. तरुणपणी एका घोडीने लाथ मारून त्यांचा उजवा गुडघा असा फोडला होता की किक मारणं त्यांना पुन्हा कधी जमलं नाही. म्हणून त्यांनी माझ्यासाठी ही गाडी घेतली. गाडीला किकही होती, पण ती नुसती मानाला.

बरीच वर्षं मी त्यांना गोठ्यागोठ्यांतून हिंडवलं. त्यांचा गुडघा वाकेना, तेव्हा गाडीची देखभाल त्यांच्या मुलीकडे आली. ती तेव्हा चष्म्याच्या दुकानात कामाला लागली होती. सुट्टीच्या दिवशी डॉक्टर स्टुलावर बसून सांगत आणि ती जमिनीवर फतकल मारून करत असे. “पाना तिरका लावू नकोस, नटाची कड मरते,” हे मी इतक्यांदा ऐकलंय की मलाही पाठ झालं.

मग डॉक्टरांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. समोरचं लख्ख दिसे, पण डाव्या बाजूचं जग हळूहळू पुसलं गेलं. मुलीने दुकानात तपासलं, मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, गाडी सोडा म्हणून हातापाया पडली. डॉक्टरांनी या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. एकदा त्यांनी एका हातगाडीला धडक दिली. हातगाडीवाला कोपरावर पडला, त्याचा हात प्लास्टरमध्ये गेला. घरी येऊन डॉक्टर म्हणाले, “मध्येच आडवा आला.” हातगाडीवाला आडवा आला नव्हता. तो डावीकडे उभा होता.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दुपारी डॉक्टर आडवे झाले होते, तेव्हा मुलगी पाने घेऊन आली. तिची आई दारात उभी राहून आतला कानोसा घेत होती.

“आवाज नको ग करूस.”

“आई, तूच आवाज करतेयस.”

तिने आधी बॅटरीची ऋण वायर सोडली. मग माझ्या टोकावरची रबरी टोपी मागे सारली, जाड वायर काढली आणि तिच्या तोंडाला चिकटपट्टी गुंडाळली. पहिला बोल्ट सरळ आला. दुसरा अडून बसला. तिने त्यावर तेल सोडलं, थांबली, हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकलं, पुन्हा थांबली. घाई करणारा असता तर बोल्ट तिथेच मोडला असता. शेवटी तो कुरकुरत सुटला. तिने मला डावी-उजवीकडे हलवत अलगद बाहेर ओढलं. इंजिनात पडलेल्या भोकावर तिने रबराची गादी घालून पत्र्याची चकती बसवली, तेच बोल्ट पुन्हा लावले आणि बॅटरीची वायर जोडली. मला टॉवेलात गुंडाळून कपडे धुण्याच्या खोलीत, साबणांच्या मागे ठेवलं. इतकी वर्षं इंजिनाच्या उबेत काढलेली मी. तिथे फार गार वाटलं.

संध्याकाळी बाहेर बटण दाबल्याचा टक असा आवाज झाला. पुन्हा टक. मग बराच वेळ काहीच नाही. डॉक्टर हाताने चाचपून पाहत असणार.

“हे कुणी काढलं?”

“मी.” मुलीचा आवाज.

“जळली होती?”

“नाही. मोटर ठणठणीत आहे, बाबा.”

“मग सरळ सांगायचं होतंस. चोरासारखं काय काढायचं?”

“किती वेळा सांगितलं? त्या माणसाचा हात मोडला तरी तुम्ही त्यालाच दोष देत बसलात.”

डॉक्टर आत निघून गेले. त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं आईमार्फत होऊ लागलं. ती समोर बसलेली असली तरी ते म्हणत, “तिला म्हणावं, पंखा कमी कर.” आई बिचारी दोन दगडांवर पाय ठेवून दमून गेली.

असं चाललं असताना एका सकाळी एक गोठेवाला सायकलवरून धापा टाकत आला. “डॉक्टर, गाय अडलीय. दुसरे डॉक्टर फोन उचलत नाहीत. तुम्हीच चला.”

मुलगी धावत आली, मला टॉवेलातून काढून अंगणात घेऊन गेली. पाना घेऊन खाली बसणार, तोच डॉक्टर तिच्याशी थेट बोलले. “बसवेपर्यंत गाय राहील का? किक मार.”

“मारते. पण चालवणार कोण?”

गोठेवाला कधी हिच्या, कधी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. डॉक्टरांनी हँडलवर हात ठेवला होता. तो त्यांनी काढला. मग दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून मागच्या सीटवरून पलीकडे टाकला.

तिने मला पायरीवर ठेवलं. पहिली किक वाया गेली, दुसरीही. तिसरीला इंजिन धडधडलं. माझ्याशिवाय. ते फाटकातून बाहेर गेले आणि मी पायरीवर उन्हात पडून राहिले.

दुपारी परतले तेव्हा दोघांच्या कपड्यांना पेंढा चिकटला होता. डॉक्टर नळाखाली कोपरापर्यंत हात धुऊ लागले. मुलगी त्यांच्या हातांवर साबण देत होती.

“गाय उभी राहील,” ते म्हणाले.

“आणि वासरू? आपण आधी पोचलो असतो तर वाचलं असतं? मी ती मोटर...”

“वासरू कालच गेलं होतं. पोटात हात घातल्या घातल्या कळलं मला.”

हे खरं होतं की तिच्यासाठी म्हटलेलं, ते मला समजलं नाही. मी विजेवर चालणारी वस्तू. माणसाच्या आवाजातलं मला तितकंच कळतं. मुलीने मात्र डोळे पुसले.

जरा वेळाने डॉक्टरांनी विचारलं, “वाटेत तू गाडी एकदम उजवीकडे का घेतलीस?”

“कुत्रं होतं. डावीकडे. केव्हाचं आपल्या बरोबरीने पळत होतं.”

“केव्हाचं?”

“पुलापासून.”

डॉक्टरांनी नळ बंद केला. टॉवेल मागितला. बराच वेळ ते एकच हात पुसत राहिले. “मला दिसलंच नाही ग,” ते म्हणाले.

आता गाडी मुलगी चालवते, डॉक्टर मागे बसतात आणि वळणावळणाला सूचना करून तिला वीट आणतात. आईने एकदा सुचवलंही, “बसव की ती मोटर परत. रोज किक मारून पाय दुखत नाहीत का?” डॉक्टरच म्हणाले, “नको. बटण हाताशी असलं की बोट जातं.” मला तेलाच्या फडक्यात गुंडाळलं तेही त्यांनीच.

मी सध्या फळीवर असते. गंज नाही, वेढे शाबूत आहेत, वीज आत पोचवणारे ब्रश झिजलेत पण चालतील. मला काढलं याची तक्रार नाही. काढायलाच हवं होतं. एवढंच सांगते, कुणाच्या हातातलं काही काढून घ्यायची वेळ आली, तर तो झोपलेला असताना घेऊ नका. त्याला जागं करा, भांडा, आणि मग घ्या. आणि तुमच्या जुन्या गाडीला माझ्यासारखी मोटर हवी असली, तर या घरी येऊन विचारा. मी चालायला तयार आहे.